वावडीवाला विल्बर



गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तीन कुटुंबं मिळून आउटर बँक्सला गेलो होतो. नॉर्थ कॅरोलायनाचा नकाशा उघडलात तर मुख्य किनाऱ्यापासून सुटलेली, अटलांटिकच्या कडेने धावणारी वाळूची एक बारीक पट्टी दिसेल. ती ही जागा. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला साउंड म्हणजे उथळ खाडी, आणि मध्ये नुसता वारा.

आमच्यातला एक मित्र (नाव लिहिलंत तर पुढच्या पॉटलकला येणार नाही अशी धमकी मिळाली आहे) दोन वर्षं काइटसर्फिंग शिकतो आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि हवेत एक भला मोठा पतंग. तो वाऱ्यावर ओढतो आणि आपण पाण्यावरून पळतो. गड्याने १२ चौरस मीटरचा नवाकोरा काइट घेतला होता आणि तो कधी एकदा उडवून बघतो असं त्याला झालं होतं. त्या दिवशी वारा ताशी २५ मैलांच्या वर. साउंडच्या कमरेएवढ्या पाण्यात सगळे जण छोटे, ७-८ मीटरचे काइट घेऊन खेळत होते. आमचा मित्र मात्र आपला १२ चा घेऊन समुद्राच्या बाजूला गेला, कारण त्याला लाटा हव्या होत्या. पुढचं थोडक्यात सांगायचं तर काइट वर गेला, त्याच्या मागोमाग मित्रही गेला, आणि मग लाटांमधून आणि वाळूवरून त्याची जी वरात निघाली ती काठावरून आम्ही सगळ्यांनी पाहिली. ऐनवेळी त्याने क्विक रिलीज ओढून काइटचा जोर काढला म्हणून खांद्यावर निभावलं. वहिनींकडून ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून गाड्या काढल्या आणि उत्तरेला किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक बघायला गेलो. १७ डिसेंबर १९०३, बारा सेकंद, एवढं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. पण तिथे गेल्यावर, आणि घरी येऊन थोडी पुस्तकं चाळल्यावर, आम्हाला जे कळलं त्याने आम्ही चकित झालो. ते विमान आधी चार वर्षं पतंग होतं! आणि पहिल्या पतंगाला तर मित्राच्या काइटसारख्याच चार दोऱ्या होत्या. ह्या सगळ्याच्या मुळाशी होता थोरला भाऊ, विल्बर. बारा सेकंद उडाला तो धाकटा ऑर्व्हिल, त्यामुळे फोटोतही तोच विमानात आहे आणि विल्बर बाजूला उभा आहे. म्हणून आज विल्बरबद्दल.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी इंडियाना राज्यातल्या मिलव्हिल गावाजवळ झाला. वडील मिल्टन राइट हे चर्चचे बिशप. सतत फिरतीवर, मताचे पक्के, आणि कोणाशी वाद घालायला मागेपुढे न बघणारे. यंत्रांचं डोकं मात्र आई सुसान हिच्याकडून आलं. तिचे वडील गाड्या बांधायचे. त्यांच्या कारखान्यात हत्यारं हाताळत ती वाढली होती. घरातलं काही मोडलं तर मुलं वडिलांकडे न जाता आईकडे जायची. १८७८ मध्ये वडिलांनी फिरतीवरून येताना रबरबँडवर उडणारं एक छोटं खेळणं आणलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. तेव्हा विल्बर ११ वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचा.

पण खेळण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे १८८५-८६ च्या हिवाळ्यात घडली. विल्बर १८ वर्षांचा होता, अभ्यासात हुशार, खेळात पुढे, येल विद्यापीठात जाण्याचं घरात बोलणं चाललं होतं. गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळताना एकाची स्टिक त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. जखम भरली, पण मुलगा मिटला. छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी, कशात मन नाही. येल राहिलं ते राहिलंच. त्यातच आईला क्षय झाला. पुढची तीनेक वर्षं विल्बर घरातच होता. आईला उचलून खाली आणायचं, रात्री परत वर न्यायचं, आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. ४ जुलै १८८९ रोजी आई गेली.

त्यानंतर त्याने ऑर्व्हिलबरोबर डेटनमध्ये छापखाना चालवला, १८९२ मध्ये सायकलींचं दुकान काढलं, पुढे स्वतःच्या सायकली बनवल्या. धंदा बरा चालला. पण तिशी आली तरी आपण काही केलं नाही ही टोचणी त्याला होती. आमच्यासारख्या, तिशीत पोचलेल्या आणि दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणाऱ्या इंजिनियरांना ही टोचणी समजावून सांगायला नको! फरक एवढाच की आमच्याकडे डिग्री आहे. विल्बरकडे कॉलेजची सोडाच, शाळेचं प्रमाणपत्रही नव्हतं. अभ्यास पूर्ण केला होता, पण ते घ्यायच्या आत कुटुंबाने गाव बदललं.

ऑगस्ट १८९६ मध्ये जर्मनीत ऑटो लिलिएंथाल पडून मेला. टेकडीवरून पंख बांधून तरंगणारा हा माणूस जगभर गाजलेला होता. विल्बरने त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं आणि त्याला एक हिशेब दिसला. पाच वर्षांत जवळजवळ दोन हजार उड्या मारूनही लिलिएंथालचा हवेतला वेळ सगळा मिळून पाचएक तासांचाच होता. पाच तासांच्या सरावावर कोणी सायकलसुद्धा भर बाजारातून चालवणार नाही. बाकीचे लोक इंजिनामागे लागले होते किंवा आपोआप स्थिर राहील असं यान शोधत होते. सायकलवाल्या विल्बरला वाटलं की सायकल तरी कुठे आपोआप उभी राहते? चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरतो. तेव्हा खरा प्रश्न सावरण्याचा आहे, आणि सावरायला शिकायचं तर हवेत खूप वेळ काढता आला पाहिजे, तोही मान न मोडता.

३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून ह्या विषयावरचं साहित्य मागवलं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याने सायकलच्या ट्यूबचं लांबट रिकामं खोकं हातात घेऊन सहज पिळलं. एक टोक एका बाजूला मुरडलं, दुसरं उलट बाजूला. पंख असेच मुरडता आले तर? ज्या बाजूचा पंख वाऱ्याला जास्त अडेल ती बाजू वर जाईल, दुसरी खाली येईल, आणि यान कलतं करता येईल किंवा कललेलं सरळ करता येईल.

आता इथे कोणीही उत्साही माणूस थेट यान बांधायला बसला असता. विल्बरने वावडी बांधली. (वावडी म्हणजे आपल्या साध्या पतंगाची थोरली बहीण. नव्या पिढीने आजोबांना विचारावं.) एकावर एक असे दोन पंख, लांबी ५ फूट, मध्ये उभ्या काड्या. पुढच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, दोन डाव्या बाजूच्या आणि दोन उजव्या बाजूच्या. डाव्या दोऱ्यांच्या खालच्या टोकांना एक दांडकं, उजव्यांना दुसरं, आणि दोन हातांत दोन दांडकी. ती एकमेकांच्या उलट कलवली की पंख मुरडायचे आणि वावडी एका अंगाला कलायची. दोन्ही एकाच बाजूला कलवली की वरचा पंख खालच्याच्या पुढे किंवा मागे सरकायचा आणि वावडी वर चढायची किंवा नाक खाली घालायची.

लहानपणी संक्रांतीला आम्ही जे पतंग उडवले त्यात आमच्या हातात एकच दोरी. कन्नी नीट बांधली असेल तर पतंग उभा राहणार, नाहीतर गोत खाणार. ढील द्यायची किंवा खेचायचं, बाकी सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. विल्बरच्या चार दोऱ्यांत मर्जी माणसाची होती, आणि आजच्या काइटसर्फिंगच्या काइटलाही बहुतेक वेळा चारच दोऱ्या असतात. पुढच्या दोन दोऱ्या भार घेतात आणि कमरेच्या पट्ट्याला जोडतात, मागच्या दोन हातातल्या दांडीच्या टोकांना. दांडी एका बाजूने ओढली की काइटचं ते टोक मुरडतं आणि काइट वळतो. मित्राला हे सांगितल्यावर तो आपल्या दांडीकडे नव्याने बघायला लागला.

ही वावडी विल्बरने १८९९ च्या उन्हाळ्यात डेटनच्या एका मोकळ्या जागेवर उडवली. ऑर्व्हिल तेव्हा गावाबाहेर होता, बघायला शेजारपाजारची पोरं. एकदा दोऱ्या सैल पडल्या आणि वावडी अशी काही अंगावर आली की पोरांनी जमिनीवर लोळण घेतली. पण मुरडण्याची कल्पना चालते हे विल्बरला समजलं. यानावर कोणी बसायच्या आत, एक हाडही पणाला न लावता समजलं.

पुढचा प्रश्न होता वाऱ्याचा. माणूस उचलेल एवढी वावडी उडवायची तर जोरकस आणि अखंड वारा हवा, पडल्यावर लागू नये म्हणून वाळू हवी आणि आजूबाजूला झाडं नकोत. मे १९०० मध्ये विल्बरने शिकागोचे ज्येष्ठ इंजिनियर ऑक्टेव्ह शनूट यांना पत्र लिहिलं. हवामान खात्याची वाऱ्याची आकडेवारी मागवून ठिकाणं पडताळली आणि किटी हॉकच्या वेधशाळेला पत्र टाकलं. तिथून उत्तर आलंच, शिवाय बिल टेट नावाच्या स्थानिक गृहस्थांनी स्वतंत्र पत्र लिहून या, मदत करू, असं अगत्याने कळवलं. थोडीफार घरं आणि वाळूच वाळू असलेलं गाव, आणि अनोळखी पाहुण्याला अगत्य! आपल्या कोकणाची आठवण यावी.

सप्टेंबर १९०० मध्ये विल्बर एकटाच निघाला. पंखांसाठी १८ फुटी स्प्रूसच्या लाकडी पट्ट्या हव्या होत्या, नॉरफोकला १६ फुटी पाइनच्या मिळाल्या. घ्याव्या लागल्या आणि पंख तेवढे छोटे झाले. पुढे एलिझाबेथ सिटीहून किटी हॉकला जायला इझ्रायल पेरी नावाच्या मच्छीमाराची होडी मिळाली. ती गळत होती, शिडं कुजकी, आत घाण. अल्बेमार्ल साउंडमध्ये वादळाने गाठलं. लाटा आत येत होत्या, एकामागून एक दोन शिडं सुटली, कसाबसा आडोसा गाठून रात्र काढली. होडीतल्या अन्नाला हात लावायची विल्बरची हिंमत झाली नाही. बहीण कॅथरिनने निघताना बॅगेत जॅमची एक बरणी ठेवली होती, दोन दिवस त्याच्या पोटात तेवढंच गेलं. (मुलं परदेशी निघताना बॅगेत लोणच्याची बरणी कोंबणाऱ्या समस्त आयांनी आणि बहिणींनी हे लक्षात ठेवावं.)

टेट यांच्या घरी राहून विल्बरने पंखांची शिवण सुरू केली. लांबी कमी झाल्यामुळे आणलेलं कापड उसवून पुन्हा शिवायला लागलं, त्यासाठी टेटबाईंचं शिवणयंत्र वापरलं. सप्टेंबरअखेर ऑर्व्हिल येऊन पोचला. यान तयार झालं तेव्हा पंखांचं क्षेत्रफळ होतं १६५ चौरस फूट, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर, आणि वजन ५२ पौंड. आमच्या मित्राच्या काइटपेक्षा थोडं मोठंच.

आणि त्यांनी केलं काय, तर ते बहुतेक वेळ पतंगासारखं उडवलं. माणसाऐवजी साखळ्यांचं वजन टाकायचं, दोरीला ताणकाटा लावून वारा किती ओढतो ते मोजायचं, वाऱ्याचा वेग मोजायचा, जमिनीवरून दोऱ्यांनी पंख मुरडायचे आणि सगळं लिहून ठेवायचं. मग वजन बदलायचं आणि पुन्हा. सुरुवातीला एकदा विल्बर स्वतः दोरीला बांधलेल्या यानावर आडवा झाला. जमिनीपासून थोडा वर गेल्यावर यान असं हेलकावे खायला लागलं की त्याने खाली घ्या, खाली घ्या म्हणून ओरडायला सुरुवात केली. त्यानंतर बरेच दिवस तो वर गेला नाही. टेट कुटुंबातला टॉम नावाचा हलका पोरगा मात्र हौसेने बसला. एकदा जमिनीवर ठेवलेलं यान एका झोताने उचलून वीसेक फुटांवर आपटलं. घरी परत जावं असं दोघांच्या मनात आलं, पण तुकडे गोळा करून तीन दिवसांत त्यांनी ते पुन्हा बांधलं.

जोरदार वाऱ्याचं एक गणित आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पंखावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १२ मैलांच्या वाऱ्यात सुखाने ओढणारा काइट २५ मैलांना चौपट ओढतो. हे गणित आम्ही इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सोडवलं होतं, मित्रानेही सोडवलं होतं, आणि मार्कही बरे पडले होते! विल्बरने ते दोरीच्या टोकाला काटा लावून मोजलं. आणि मोजल्यावर त्याला दिसलं की आकडे पुस्तकातल्या तक्त्यांशी जुळत नाहीत. यान जेवढं उचलायला हवं तेवढं उचलत नव्हतं. तासन्‌तास सरावाचा बेत बारगळला. मोसमाच्या शेवटी दोरी सोडून विल्बर किल डेव्हिल टेकडीवरून दहा-बारा वेळा तरंगत खाली आला, तो सगळा वेळ मिळून भरला दोनेक मिनिटं. यान तिथेच सोडून दोघे घरी गेले. टेटबाईंनी त्या पंखांचं उंची साटिन कापड उसवून आपल्या दोन मुलींचे फ्रॉक शिवले.

१९०१ च्या जुलैमध्ये दोघे २९० चौरस फुटांचं यान घेऊन परतले. त्या वर्षी डासांनी नको केलं, आणि यानाने त्याहून. उचल हिशेबाच्या एक तृतीयांश. त्याहून वाईट म्हणजे पंख मुरडल्यावर यान कधीकधी भलत्याच बाजूला फिरायचं. एका उतरणीत विल्बर तोंडावर आपटला, नाकाला आणि डोळ्याला लागलं. परतीच्या गाडीत तो ऑर्व्हिलला म्हणाला की माणूस उडेल खरा, पण आपल्या हयातीत नाही. १८ वर्षांचा असताना एकदा हा माणूस असाच मिटला होता. ह्या वेळीही तसंच झालं असतं तर आश्चर्य नव्हतं.

पण शनूट यांनी त्याला शिकागोत इंजिनियरांपुढे भाषण द्यायला बोलावलं. नको म्हणत होता, कॅथरिनने पिच्छा पुरवून पाठवलं. कपडे नीटनेटके असणारा ऑर्व्हिल, म्हणून शर्ट, कॉलर, कफ आणि ओव्हरकोट त्याचा घातला. १८ सप्टेंबर १९०१ च्या त्या भाषणासाठी आकडे मांडताना आपले आकडे बरोबर आहेत आणि जगाचे तक्ते चुकीचे असू शकतात, हे मनात पक्कं झालं. मग सायकलच्या दुकानात ६ फूट लांब, १६ इंच रुंद-उंच लाकडी खोकं केलं, एका तोंडाला पंखा लावला, आणि करवतीची पाती व सायकलच्या स्पोकची तार यांपासून तराजू बनवले. दोनशेच्या आसपास छोटे पंख त्या वाऱ्यात तपासले. अठराव्या शतकापासून सगळे वापरत आलेला हवेच्या दाबाचा एक गुणक जवळपास दीडपट जास्त धरला जात होता, हे लक्षात आलं.

१९०२ चं यान ह्या आकड्यांवर बांधलं. तेही आधी पतंगासारखंच उडवलं, आणि ह्या वेळी दोऱ्या जवळजवळ सरळ उभ्या राहिल्या! ज्याने पतंग उडवला आहे त्याला ह्याचा अर्थ सांगायला नको. तिरपी दोरी म्हणजे पतंग नुसता ओढतो आहे, उभी दोरी म्हणजे तो उचलतो आहे. भलतीकडे फिरण्याचा आजार मागच्या सुकाणूने बरा केला. ते हलतं करण्याची कल्पना ऑर्व्हिलची. त्या मोसमात दोघांनी मिळून सातशेच्या वर उड्डाणं केली, त्यातलं सर्वांत लांबचं ६२२ फुटांचं. आता इंजिन लावणं एवढंच उरलं होतं, असं आम्ही म्हणतो खरं, पण प्रोपेलरचं गणित त्यांना पहिल्यापासून मांडावं लागलं.

त्याच सुमारास सॅम्युअल लँग्ली ह्या नामवंत शास्त्रज्ञाने सरकारचे ५०,००० डॉलर घेऊन यान बांधलं होतं. इंजिन उत्तम, पण माणसाने ते वाऱ्यात सावरायला शिकण्याची पायरीच गाळलेली. ते तरंगत्या घराच्या छपरावरून ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत पडलं. सुदैवाने चालक वाचला. (हे ऐकून आमच्या मित्राने खांदा चोळला.)

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक विल्बरने जिंकली, पण नाक जास्त उचललं आणि साडेतीन सेकंदांत यान वाळूत रुतलं. १७ तारखेला थंडगार वारा ताशी २० ते २७ मैलांचा. पाळी ऑर्व्हिलची, १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवसाचं चौथं उड्डाण विल्बरचं होतं, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. जरा वेळाने वाऱ्याचा झोत आला आणि उभं यान कोलमडत निघालं. फोटो काढणारा जॉन डॅनियल्स ते धरायला गेला आणि त्यात अडकून लोळत गेला. तो खरचटण्यावर सुटला, यान मात्र पुन्हा कधी उडालं नाही. आमच्या मित्राची आदल्या दिवशीची वरात आम्ही पाहिली होती, त्यामुळे डॅनियल्सबद्दल आम्हाला विशेष आपुलकी वाटली.

इथे एक विषय काढायलाच हवा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात कोणीतरी काढेलच. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. आम्हालाही ते खरं असतं तर आवडलं असतं. पण त्या प्रयोगाचा त्या वेळचा भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ पोथीचा आधार सांगतात तिच्यातली यानं उडणं शक्य नाही, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. राइट बंधूंच्या वह्या, पत्रं, फोटो आजही बघायला मिळतात. किती वाऱ्यात, किती वजनाला, किती ओढ, सगळं तिथे आहे, फसलेल्या दिवसांसकट.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत असतं. ऑक्टोबर १९०५ मध्ये डेटनजवळच्या कुरणावर विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल घिरट्या घालत उडाला, तरी जगाचा विश्वास बसायला १९०८ साल उजाडलं. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल मान्स इथे त्याने प्रेक्षकांसमोर विमान सहज वळवून दाखवलं आणि खोटारडा म्हणणारे गप्प झाले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ऑर्व्हिलचं विमान कोसळलं. तो जबर जखमी झाला आणि त्याच्याबरोबरचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. विल्बर फ्रान्समध्ये एकटा, आपण तिथे असतो तर हे टळलं असतं का ह्या विचारात.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कला तो स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवती उडाला, आणि ४ ऑक्टोबरला हडसन नदीवरून वर जाऊन परत आला. लाखो लोक बघत होते. आम्हाला त्यातला एकच तपशील फार आवडला. विमानाच्या पोटाखाली त्याने लाल रंगाचा एक कनू बांधला होता, वरून कापडाने घट्ट बंद केलेला. न जाणो, पाण्यात उतरावं लागलं तर विमान तरंगायला हवं!

दोघा भावांनी वडिलांना शब्द दिला होता की एकाच विमानात कधी बसायचं नाही, म्हणजे अपघात झाला तर एक तरी उरेल. वडिलांच्या परवानगीने २५ मे १९१० रोजी फक्त एकदा ते बरोबर उडाले. त्याच दिवशी ८१ वर्षांचे बिशपही ऑर्व्हिलबरोबर आयुष्यात पहिल्यांदा वर गेले, आणि घाबरायचं सोडून अजून वर घे म्हणत राहिले.

विल्बरची शेवटची वर्षं मात्र आम्हाला वाचवली नाहीत. पंख मुरडण्याच्या पेटंटवरून खटले लागले. ज्या माणसाला वाऱ्यात उभं राहून दोऱ्या धरायला आवडायचं तो वकिलांच्या कचेऱ्यांत बसला. नवं संशोधन जवळजवळ थांबलं. ते पेटंट लढवायला हवं होतं का? आमच्या मते हक्क त्यांचा होता, पण किंमत फार पडली. मे १९१२ मध्ये विल्बरला टायफॉइड झाला आणि ३० मे रोजी पहाटे तो डेटनच्या घरी गेला. वय ४५, लग्न केलेलं नव्हतं. स्मिथसोनियनला पत्र टाकलं त्याला त्या दिवशी बरोबर १३ वर्षं झाली होती.

तर मंडळी, रालेहून किटी हॉक सुमारे २०० मैल आहे, शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघालात तर रात्रीच्या जेवणाला पोचाल. स्मारकाच्या टेकडीवर आता गवत लावून वाळू बांधली आहे; त्या काळी ती वाऱ्याबरोबर सरकायची. मूळ वाळू अनुभवायची असेल तर दक्षिणेला जवळच जॉकीज रिज आहे, तिथे मुलांना पतंग उडवू द्या. टेकडीखाली त्या चार उड्डाणांची अंतरं दगडांनी दाखवली आहेत. मुलांना पहिल्या दगडापासून चौथ्यापर्यंत पळायला लावा, धाप लागते. डबा खायला गाडीतच बसा. आम्ही बाहेर बसायचा हट्ट केला आणि चिवड्यापेक्षा वाळूच जास्त खाल्ली.

मित्राचा खांदा आता बरा आहे. एप्रिलमध्ये तो १२ चा काइट घेऊन पुन्हा गेला. ह्या वेळी साउंडच्या कमरेएवढ्या पाण्यात, १५ मैलांच्या वाऱ्यात, फळी काठावर ठेवून आधी तासभर नुसता काइट उडवत उभा होता. काठावर वहिनी वारा मोजायचं छोटं यंत्र घेऊन बसल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी आकडा ओरडून सांगत होत्या.